बडतर्फ कामगाराचा वाद कोणाचा? हिंगणघाटच्या गिरणी कामगारांच्या संदर्भात तक्रार निवारण व न्यायालयीन दाद

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे वणा नदीकाठचे शहर इंग्रजी अमदानीपासून कापसाची पेठ म्हणून ओळखले जाते. येथील कापूस त्या काळी 'हिंगणघाट' या नावानेच परदेशी बाजारात विकला जाई. १८८१ मध्ये येथे सूतगिरणी सुरू झाली आणि कापूस विकणाऱ्या गावात कापूस कातणारा कामगारवर्ग निर्माण झाला. रायबहादूर बन्सीलाल अबीरचंद आणि रायसाहेब रेखचंद मोहता या दोन घराण्यांच्या गिरण्यांवर शहराच्या तीन-चार पिढ्या पोसल्या गेल्या. त्यांपैकी बन्सीलाल अबीरचंद गिरणी १९७४ च्या आजारी कापड गिरण्या राष्ट्रीयीकरण कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली.

गिरणी गावात कामावरून कमी होणे ही केवळ एका माणसाची अडचण राहत नाही. त्याची खोली, किराणा दुकानातील उधारी, मुलांची शाळा आणि मुलीचे ठरलेले लग्न हे सारे त्या एका हजेरीवर उभे असते. अशा वेळी कामगारापुढे दोन वाटा असतात. संघाच्या कचेरीत जाऊन तक्रार मांडणे ही पहिली, आणि न्यायालयात दाद मागणे ही दुसरी. या दोन वाटा एकमेकींना पर्याय आहेत अशी सर्वसाधारण समजूत आढळते. ती बरोबर नाही. बडतर्फीचा वाद हा कामगाराचा की संघाचा, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने वेळोवेळी निरनिराळे दिले असून, पहिल्या वाटेवरील एखादी पायरी चुकली की दुसरी वाट बंद होते. प्रस्तुत लेखात या दोन वाटांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मध्यप्रांत-वऱ्हाडचा वारसा

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हिंगणघाट हे मध्यप्रदेश राज्यात, म्हणजेच पूर्वीच्या मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. त्यामुळे येथील कामगाराला मुंबई-सोलापूरच्या कामगारापेक्षा वेगळा कायदा लागू होता. तो म्हणजे मध्यप्रांत व वऱ्हाड औद्योगिक विवाद समेट अधिनियम, १९४७. या कायद्याचे कलम १६ आज विस्मृतीत गेले आहे, परंतु ते त्या काळाच्या मानाने पुष्कळ पुढचे होते. बडतर्फ झालेल्या कामगाराने सहा महिन्यांच्या आत मजूर आयुक्ताकडे स्वतः अर्ज करावा, आणि बडतर्फी कायद्याच्या किंवा स्थायी आदेशांच्या विरुद्ध आढळल्यास आयुक्ताने त्याला कामावर परत घेण्याचा अथवा भरपाईचा आदेश द्यावा, अशी तरतूद त्यात होती.

त्याच वर्षी केंद्राने केलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमात मात्र एकट्या कामगाराला स्थान नव्हते. औद्योगिक विवाद म्हणजे सामुदायिक विवाद, ही त्या कायद्यामागील भूमिका होती. संघाने अथवा बऱ्याच सहकाऱ्यांनी प्रश्न उचलून धरला तरच एका कामगाराची बडतर्फी 'विवाद' ठरे.

दोन कायद्यांतील हा फरक सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो नागपूरच्याच एका प्रकरणात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस या मोटारवाहतूक कंपनीने चोरीच्या आरोपावरून एका मेकॅनिकला १९५० मध्ये बडतर्फ केले. फौजदारी न्यायालयातून तो निर्दोष सुटला व कामावर परत घेण्यासाठी त्याने कलम १६ खाली अर्ज केला. एका माणसाचा वाद हा औद्योगिक विवादच नव्हे, सबब अर्ज चालणार नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. केंद्रीय कायद्याखाली एकट्याचा वाद हा आपोआप औद्योगिक विवाद होत नाही हे न्यायालयाने मान्य केले. परंतु कलम १६ एकट्या कामगाराला अर्जाचा हक्क देते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. केंद्रीय कायद्यात असा हक्क येण्यास १९६५ साल उजाडले. त्या वर्षी कलम २-अ घालण्यात आले आणि संघ पाठीशी असो वा नसो, बडतर्फी हा औद्योगिक विवाद मानला जाऊ लागला. देशातील इतर कामगारांना जे १९६५ मध्ये मिळाले, ते विदर्भातील कामगाराजवळ १९४७ पासून होते.

संघाची मालकी व तिला पडलेला अपवाद

योगायोग असा की त्याच १९६५ मध्ये मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ विदर्भास लागू झाला. कापड उद्योग हे या कायद्याचे प्रमुख क्षेत्र होते. अहमदाबाद व मुंबई येथील गिरण्यांच्या अनुभवातून घडलेल्या या कायद्याचा कल संघाकडे आहे. एका स्थानिक क्षेत्रात एका उद्योगाचा एकच प्रातिनिधिक संघ, आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याचा, अशी ही रचना. पगार, बोनस, कामाचा बोजा या बाबतींत संघाने केलेला करार सभासद नसलेल्यांनाही बांधतो.

या रचनेमागील विचार नीट समजून घ्यावयास हवा. दहा माणसे दहा तऱ्हेने मालकाशी बोलू लागली तर कोणाचेच ऐकले जात नाही. संघाजवळ निवडीचा अधिकार असेल तर तो खरी तक्रार पुढे रेटतो आणि निराधार तक्रार खात्यातच मिटवितो. खातेप्रमुख, मग मजूर अधिकारी, मग व्यवस्थापक अशा पायऱ्यांनी अनेक तक्रारी आठवडाभरात सुटतात. न्यायालयात त्याच तक्रारीला वर्षे लागतात. परंतु संघाजवळ निवडीचा अधिकार आहे याचाच दुसरा अर्थ असा, की संघ एखाद्या कामगाराला नाकारूही शकतो. विरोधी झेंड्याखाली काम केलेल्या, पुढाऱ्याशी भांडलेल्या किंवा नुसत्याच एकलकोंड्या कामगाराचे काय?

अमेरिकेत हा प्रश्न फार टोकाला गेला. तेथे बहुतेक मालक-संघ करारांत तक्रारीच्या ठराविक पायऱ्या असतात आणि शेवटची पायरी लवादाची असते. लवादाकडे जावयाचे की नाही हे संघ ठरवितो. कॅन्सस सिटी येथील स्विफ्ट कंपनीच्या मांस कारखान्यातील एका कामगाराला उच्च रक्तदाबाच्या कारणावरून १९६० मध्ये कामावरून काढण्यात आले. संघाने त्याची तक्रार शेवटच्या पायरीपर्यंत नेली, पण लवादाकडे नेण्याचे नाकारले. कामगाराने संघावरच दावा लावला. 'वाका विरुद्ध साइप्स' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये निकाल दिला, की प्रत्येक तक्रार लवादाकडे नेलीच पाहिजे असा कामगाराचा हक्क नाही. संघ मनमानीने, पक्षपाताने किंवा दुष्ट हेतूने वागला असेल तरच तो दोषी. निकाल लागला तेव्हा तो कामगार हयात नव्हता.

आपल्याकडील कायद्याने ही कोंडी निराळ्या रीतीने सोडविली आहे. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमानुसार प्रातिनिधिक संघ एखाद्या कामकाजात हजर असताना एकट्या कामगाराला सर्वसाधारणपणे बोलता येत नाही; परंतु बडतर्फी, सेवासमाप्ती, कपात किंवा निलंबन यांची वैधता अथवा योग्यता तपासली जात असेल, तर हा निर्बंध लागू होत नाही. १९७१ चा महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला, त्यातही हेच सूत्र आहे. चौथ्या अनुसूचीतील बाब २ व ६ खालील तक्रारीत, म्हणजे संपकऱ्यांचे काम बाहेर देणे आणि बदली किंवा हंगामी कामगाराला वर्षानुवर्षे तसेच ठेवणे याविषयीच्या तक्रारीत, मान्यताप्राप्त संघाला प्राधान्य आहे. बाब १ खालील बडतर्फीच्या तक्रारीत ते नाही. पोटावर पाय येतो तेथे वाद कामगाराचा, एरवी तो संघाचा, अशी ही विभागणी म्हणता येईल. ती तत्त्वतः योग्यच आहे. तिची किंमत मात्र कामगाराला मोजावी लागते, कारण हक्क एकट्याला मिळाला तरी लढाईही एकट्यालाच करावी लागते.

'अप्रोच' आणि मुदती

मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाखाली बडतर्फ कामगाराला थेट कामगार न्यायालयात जाता येत नाही. आदेशाला आव्हान द्यावयाचे असल्यास त्याने प्रथम तीन महिन्यांच्या आत मालकाला लेखी कळवावे, तडजोडीस अवधी द्यावा आणि तडजोड न झाल्यास विहित मुदतीत अर्ज करावा, असा क्रम आहे. गिरणी कामगारांच्या बोलीत या पत्राला 'अप्रोच' म्हणतात. एका पानाचे हे पत्र म्हणजे उपचार नसून ती अर्जाची पूर्वअट आहे. ते दिलेच नसेल तर कामगाराची बाजू कितीही न्याय्य असली तरी अर्ज दारातच अडतो. १९७१ च्या अधिनियमाखाली हा टप्पा नाही, परंतु तेथे तक्रार ९० दिवसांत दाखल करावयाची असते; उशिरास सबळ कारण असल्यासच सूट मिळते. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या वाटेवर आधी समेट अधिकारी आणि नंतर शासनाचा संदर्भादेश अशी दिरंगाई होती. २०१० च्या दुरुस्तीने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनंतर थेट न्यायालयात जाण्याची मुभा दिली आणि त्यासाठी बडतर्फीपासून तीन वर्षांची मर्यादा घातली. याच दुरुस्तीने २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत तक्रार निवारण समिती आवश्यक केली.

संघाचे खरे मोल येथेच कळते. कामगाराला चार्जशीट मिळते ती इंग्रजीत किंवा कार्यालयीन मराठीत. तिचे उत्तर किती दिवसांत द्यावयाचे, चौकशीत साक्षीदाराला उलट प्रश्न विचारावयाचे की गप्प राहावयाचे, कोणत्या कागदावर सही करावयाची नाही, हे संघाच्या कचेरीतील अनुभवी माणूस सांगतो. मान्यताप्राप्त संघाच्या पदाधिकाऱ्याला खातेचौकशीत कामगाराच्या वतीने उपस्थित राहण्याचा हक्क १९७१ च्या अधिनियमाने दिला आहे, तो याचसाठी. पुढे दहा वर्षांनी उच्च न्यायालयात जे वाचले जाते ते या पहिल्या महिन्यातील कागद असतात. तेव्हाच्या चुका नंतर कितीही मोठा वकील दिला तरी दुरुस्त होत नाहीत. हिंगणघाटच्या कामगाराचा खटला नागपूरच्या औद्योगिक न्यायालयापर्यंत व खंडपीठापर्यंत जाऊ शकतो, आणि प्रत्येक तारखेला गाडीभाड्याबरोबर एक दिवसाची मजुरीही बुडते.

बडतर्फीचा आदेश निघण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. हिंदुस्थान लिव्हरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले, की मालक अनुचित प्रथेच्या मार्गाने बडतर्फी करू पाहत असेल तर आदेशापूर्वीही १९७१ च्या अधिनियमाखाली तक्रार करता येते. या निकालाचा उपयोग करावयाचा तर कामगाराला चार्जशीटच्या टप्प्यावरच सल्ला मिळाला पाहिजे हे उघड आहे.

झोपेचे दोन खटले

न्यायालय कशाकडे पाहते हे समजण्यासाठी महाराष्ट्रातील दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. दोन्हींत कामगार कामावर झोपलेले आढळले आणि दोन्हींत शिक्षा बडतर्फीची होती. कलर-केम कंपनीच्या प्रकरणात कामगार रात्रपाळीत यंत्र चालू असताना झोपले होते. गैरवर्तन किरकोळ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मान्य केले. तरीही ही शिक्षा धक्कादायक प्रमाणात विषम आहे, आणि अशी शिक्षा देणे ही देखील कामगाराची छळवणूकच होय, असे ठरवून न्यायालयाने ती अनुचित प्रथेत घातली.

पुण्याच्या भारत फोर्जमधील कामगार १९८३ मध्ये पहिल्या पाळीत लोखंडी पत्र्यावर झोपलेला सापडला. कामगार न्यायालयाला ही शिक्षाही कठोर वाटली व त्याने कामगाराच्या बाजूने निकाल दिला. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र बडतर्फी कायम केली. कारण, यापूर्वीही तो अशाच वर्तनासाठी शिक्षापात्र ठरला होता. दिवस-रात्रीच्या फरकापेक्षा मागील नोंदी येथे निर्णायक ठरल्या. अर्थात, जुन्या किरकोळ शिक्षांच्या वेळी 'दोन दिवसांची तर खाडाभरती आहे, जाऊ द्या' म्हणून त्या मुकाट्याने पत्करणारा कामगार नकळत पुढील बडतर्फीचा पुरावा तयार करीत असतो. लहान तक्रारी वेळीच लढविण्याचे काम न्यायालयाचे नव्हे, ते संघाचे आहे.

दुसरी गोष्ट काळाची. १९८३ ते २००५ म्हणजे बावीस वर्षे. पंचविशीतील कामगार या काळात पन्नाशीकडे झुकतो. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, एका नोकरीचे आयुष्य तेवढ्यात संपलेले असते.

परतीचा आदेश आणि मागील वेतन

म्हणूनच 'कामावर परत घ्या' या आदेशापेक्षा मधल्या वर्षांच्या वेतनाचा प्रश्न अधिक कळीचा ठरतो. १९७१ मध्ये औद्योगिक विवाद अधिनियमात घातलेल्या कलम ११-अ ने शिक्षा कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयांना दिला. परंतु शिक्षा कमी झाली की मागील वेतनाला कात्री लागते. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यायालयांचा कल आखडता झाला होता. उत्तर प्रदेश ब्रासवेअर महामंडळाच्या प्रकरणात (२००६) मागील वेतन आपोआप मिळत नाही असे सांगितले गेले. २०१३ मध्ये दिशा बदलली, आणि ती बदलणारे प्रकरण महाराष्ट्रातील क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालयाचे होते. सेवासमाप्ती बेकायदा ठरल्यास सलग सेवा व मागील वेतनासह परत घेणे हाच सामान्य नियम असून, आपण मधल्या काळात अन्यत्र नोकरीत नव्हतो असे कामगाराने सांगितल्यावर त्याविरुद्ध पुरावा देण्याची जबाबदारी मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. खटला लांबला याचा भुर्दंड कर्मचाऱ्याला बसू नये, हेही त्यात आले.

विशेष म्हणजे या नियमाचा सर्वाधिक लाभ ज्यांना होतो ते कामगार, आणि ज्या वर्गाच्या प्रकरणातून तो निघाला ते अध्यापक, हे कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळे आहेत. गोव्यातील एका प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियमाखालील 'कामगार' नाही असे ठरविले. अध्यापकांना दाद मागावयाची ती शाळा न्यायाधिकरण किंवा विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे.

ज्याची हजेरीच लागत नाही

आतापर्यंतचे विवेचन हजेरीपटावरील कामगाराविषयी झाले. गिरणीच बंद पडली की प्रश्नाचे स्वरूप बदलते. तेथे तक्रार निवारणाला अर्थ उरत नाही आणि वाद भरपाईच्या रकमेपुरता राहतो. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही झाली की तेवढेही बळ उरत नाही, कारण रक्कम स्वीकारल्यावर जुन्या मागण्या उकरून काढता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलेले आहे.

याहून बिकट स्थिती हंगामी कामगाराची. हिंगणघाट परिसरातील जिनिंग-प्रेसिंग कारखाने कापसाच्या हंगामावर चालतात. हंगाम सरल्यावर काम थांबणे म्हणजे कपात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात ठरविले, आणि तोच न्याय जिनिंगला लावला जाऊ शकतो. पुढील हंगामात परत बोलाविले नाही तर त्याने काय सिद्ध करावे? वर्षात २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर आहे, असे २००२ च्या एका निकालात म्हटले गेले. कामगाराने शपथेवर सांगून हजेरीपट मागविला आणि मालकाने तो दिला नाही, तर त्याचा अर्थ मालकाविरुद्ध लावता येतो, अशी थोडी सवड नंतरच्या निकालांनी दिली. परंतु ठेकेदारामार्फत आलेल्या रेजा-कामगारांचे नाव कोणाच्या पटावर असते, हेच अनेकदा त्यांना ठाऊक नसते. नियुक्तिपत्र नाही, म्हणून बडतर्फीपत्रही नाही. 'उद्यापासून येऊ नको' एवढे तोंडी सांगितले की संबंध संपतो. एवढ्या मोठ्या कायद्याला पाय टेकावयास येथे कागदाचा एक कपटा सापडत नाही.

नवी संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली असून तिने औद्योगिक विवाद अधिनियम, स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा आणि १९२६ चा कामगार संघ कायदा यांची जागा घेतली आहे. तक्रार निवारण समिती तीत कायम आहे. २० किंवा अधिक कामगार असल्यास मालक व कामगार यांचे समसमान सदस्य असलेली समिती, एक वर्षाच्या आत तक्रार आणि ३० दिवसांत निर्णय, अशी योजना आहे. निर्णय न पटल्यास ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते, पण ते संघामार्फत. बडतर्फीसाठी स्वतंत्र वाट ठेवलेली आहे. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनंतर कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मात्र पूर्वीची तीन वर्षांची मर्यादा आता दोन वर्षांवर आली आहे. संहितेतील स्थायी आदेशांची तरतूद ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. कारखाना बंद करण्यास शासनाच्या परवानगीची अटही १०० वरून ३०० कामगारांवर गेली आहे. लहान सूतगिरण्या आणि जिनिंग कारखान्यांच्या दृष्टीने ही संख्या मोठी आहे.

महाराष्ट्राचे १९४६ व १९७१ चे दोन्ही कायदे संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाहीत. संहितेशी त्यांचा मेळ कसा बसतो, विशेषतः ९० दिवसांची अनुचित प्रथेची तक्रार आणि दोन वर्षांचा न्यायाधिकरणाचा अर्ज यांपैकी कामगाराने काय निवडावे, हे प्रश्न न्यायालयांपुढे येणे अटळ दिसते. तोपर्यंत बडतर्फ कामगाराला सल्ला देणाऱ्याने सर्वांत लहान मुदत हीच खरी मुदत धरून चालणे श्रेयस्कर होय.